विरुद्धार्थी शब्द, इंग्रजी शब्दसंग्रह चाचणीतील

इंग्रजी शब्दसंग्रह तपासणाऱ्या वस्तुनिष्ठ प्रश्नांचा एक प्रकार. दिलेल्या शब्दाच्या उलट अर्थाचा शब्द चार-पाच पर्यायांतून निवडायचा असतो.

विरुद्धार्थी शब्दासाठीची ‘अँटोनिम’ ही संज्ञा इंग्रजीत कोणी आणली याविषयी एकमत नाही. चार्ल्स जॉन स्मिथ यांच्या समानार्थी व विरुद्धार्थी शब्दांच्या १८६७ मधील संग्रहाकडे तिचे श्रेय सामान्यतः जाते. तथापि तिचे फ्रेंच रूप १८४० च्या दशकातच आढळते. त्यामुळे स्मिथ यांनी ती घडवली असे म्हणण्यापेक्षा प्रचारात आणली असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. संज्ञेच्या व्याप्तीचा वाद याहून महत्त्वाचा. जॉन लायन्स या ब्रिटिश भाषावैज्ञानिकाने ती हॉट-कोल्ड यांसारख्या, मध्ये पायऱ्या असलेल्या जोड्यांपुरती राखली. डेड-अलाइव्ह यांत एक नाकारले की दुसरे आपोआप लागू होते. बाय-सेल यांत एकच व्यवहार दोन बाजूंनी पाहिलेला असतो. या दोहोंना त्यांनी निराळी नावे दिली. परीक्षांत तिन्ही एकत्रच येतात, तरी हा भेद उपयोगी आहे. पायऱ्यांच्या जोडीत समान तीव्रतेचा शब्द घ्यावा लागतो: ‘हॉट’ला ‘कोल्ड’, ‘वॉर्म’ला ‘कूल’.

चुका बहुधा दोन ठिकाणी होतात. पर्यायांत मुद्दाम ठेवलेला समानार्थी शब्द ओळखीचा वाटून निवडला जातो. दुसरे, उपसर्ग फसवतात. ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे कवडीमोल नव्हे, अमूल्य. ‘इनफ्लेमेबल’ आणि ‘फ्लेमेबल’ दोन्ही ज्वालाग्राहीच. शिवाय ‘लाइट’ उजेडाशी संबंधित असेल तर उलट ‘डार्क’, वजनाशी असेल तर ‘हेवी’. सुटा शब्द देणाऱ्या प्रश्नात अर्थाचा निर्णय पर्यायांवरूनच करावा लागतो.

अमेरिकी सैन्याच्या पहिल्या महायुद्धकालीन ‘आर्मी अल्फा’ चाचणीत दोन शब्द समानार्थी की विरुद्धार्थी हे विचारले जाई. अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या ‘सॅट’ परीक्षेत, १९२६ च्या पहिल्या वेळी, विरुद्धार्थी शब्दांचा स्वतंत्र विभाग होता. ‘सॅट’मधून हा प्रकार १९९४ मध्ये आणि पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या ‘जीआरई’मधून २०११ मध्ये वगळला गेला; भर संदर्भातून अर्थ लावण्याकडे वळला. भारतात कर्मचारी निवड आयोगाच्या व संरक्षण सेवांच्या परीक्षांत तो टिकून आहे. संरक्षण सेवांच्या काही प्रश्नपत्रिकांत शब्द वाक्यात अधोरेखित करून देतात. अर्थनिश्चितीच्या दृष्टीने ही पद्धत सुट्या शब्दापेक्षा निर्दोष आहे.