वर्गमुळाची रेघ कुठपर्यंत?

माझी भाची नागपुरात दहावीला आहे. गेल्या रविवारी क्लासच्या चाचणीचा पेपर घेऊन आली आणि म्हणाली, "मामा, इथं वर्गमूळ फक्त नवाचंच आहे नं? मग माझं १९ चूक कसं?" काटकोन त्रिकोणाच्या बाजू ३ आणि ४, कर्ण काढा, असं उदाहरण. पुढची पायरी छापूनच दिलेली: √९ + १६. चिन्हावरची आडवी रेघ डावीकडे चिन्हाच्याही अलीकडे सुरू होऊन ९ वर संपलेली. रेघ तेवढीच धरली तर ३ + १६, म्हणजे १९. ती १६ वरूनही गेली असती तर २५ चं वर्गमूळ, म्हणजे ५. दोन बाजूंची बेरीजच ७ असताना कर्ण १९ येऊ शकत नाही, हे तिच्या ध्यानात यायला हवं होतं. पण जे छापलं होतं ते तिने बरोबरच वाचलं होतं.

पेपर बर्डीवरच्या एका डीटीपीच्या दुकानात टाइप झाला होता. तिथे जाऊन मी मूळ फाइल बघितली. ऑपरेटरने चिन्हांच्या यादीतून √ उचललं होतं, पुढे आकडे टाइप केले होते आणि वरची रेघ माउसने वेगळी ओढून बसवली होती. "रेघ तर मी बरोबर ओढली होती नं सर," तो म्हणाला. खरंच, त्याच्या पडद्यावर ती १६ च्या टोकापर्यंत होती. क्लासच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नव्हता. दुसऱ्या फॉन्टमध्ये आधीचे शब्द रुंद झाले, सगळं मॅटर उजवीकडे सरकलं आणि रेघ जागच्या जागी राहिली. ही रेघ या आकड्यांची आहे, हे कॉम्प्युटरला कुणी सांगितलंच नव्हतं.

समीकरण दिसतं एका ओळीसारखं, पण ते ओळ नसतं. ती डब्यात डबा, त्यात आणखी डबा अशी रचना असते. हे सगळ्यांत नेटकेपणाने मांडलं ते स्टॅनफर्ड विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी. १९७७ साली स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं त्यांच्या हाती आली. शिशाचे खिळे जाऊन फोटोटाइपसेटिंग, म्हणजे फोटोच्या तंत्राने अक्षरजुळणी, आलं होतं आणि गणिताची छपाई बिघडली होती. त्यांनी स्वतःच कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी करणारी 'टेख' नावाची प्रणाली लिहायला घेतली. वर्षभराचं वाटलेलं काम जवळपास दहा वर्षं चाललं. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर 'लाटेख' उभारलं आणि आज जगभरचे गणितज्ञ तेच वापरतात.

टेखमध्ये प्रत्येक अक्षर म्हणजे एक डबा. त्याची तीन मापं: रुंदी, पायाच्या रेषेवरची उंची आणि त्या रेषेखालची खोली. ९, अधिक आणि १६ शेजारी ठेवले की त्यांचा एक मोठा डबा होतो. वर्गमूळ म्हणजे या डब्यावरची एक क्रिया. आतला डबा जेवढा रुंद, तेवढीच रेघ आपोआप पडते. आतला डबा उंच असेल तर फॉन्टमधलं मोठं √ निवडलं जातं आणि तेही अपुरं पडलं तर तुकडे एकावर एक जोडून हवं तेवढं उंच चिन्ह तयार होतं. अपूर्णांकाचंही तसंच. अंश एक डबा, छेद दुसरा, मधली रेघ जास्त रुंद डब्याएवढी, आणि ती वजाच्या चिन्हाच्या बरोबर उंचीवर.

मला सर्वांत आवडतो तो मात्र मोकळ्या जागेचा हिशेब. १० पॉइंटच्या टाइपात १० पॉइंट रुंदीचं एक माप घ्यायचं, त्याचे १८ भाग करायचे. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना ५ भाग, म्हणजे साधारण १ मिलिमीटर, अधिक-वजाच्या दोन्ही बाजूंना ४, स्वल्पविरामानंतर ३. आता 'अ − ५' आणि 'अ = −५' बघा. पहिल्यात वजा ही क्रिया आहे, म्हणून दोन्हीकडे जागा. दुसऱ्यात वजा ५ ला चिकटलेला हवा. टेखला अर्थ कळत नाही, ते फक्त शेजारी बघतं. वजा सुरुवातीलाच आला, किंवा त्याच्या आधी बरोबरचं चिन्ह, उघडता कंस, स्वल्पविराम किंवा दुसरी क्रिया असेल, तर त्याचा दर्जा बदलून तो साध्या अक्षरासारखा धरला जातो आणि जागा गळते. घातांकात तर ४ आणि ५ भागांच्या जागा पूर्णच गळतात, कारण तिथे दाटीच शोभते. सुबक छापलेलं गणित वाचताना डोळा अडखळत नाही, त्यामागे हे एवढं काम असतं.

वर्गमुळाची रेघ मुळात चिन्हाचा भाग नव्हतीच. १५२५ मध्ये जर्मन गणितज्ञ क्रिस्टॉफ रुडॉल्फ यांनी √ छापलं ते रेघेविना. रेघ जोडली फ्रेंच गणितज्ञ देकार्त यांनी, १६३७ मध्ये. आपल्याकडे भास्कराचार्य अव्यक्तासाठी, म्हणजे अज्ञात संख्येसाठी 'या', करणीसाठी, म्हणजे पूर्ण न सुटणाऱ्या वर्गमुळासाठी 'क', स्थिर संख्येसाठी 'रू' अशी आद्याक्षरं वापरत आणि अपूर्णांकात अंशाखाली छेद नुसता, रेघ न घालता लिहीत. 'संस्कृत ही कॉम्प्युटरसाठी सर्वोत्तम भाषा, नासाने मान्य केलं' असे फॉरवर्ड दर महिन्याला माझ्या फोनवर येतात. नासाने असं काही जाहीर केलेलं नाही. भास्कराचार्यांची ती आद्याक्षरं समजून घ्यायला दोन संध्याकाळी पुरतात. त्या घालवाव्यात, फॉरवर्ड पुढे पाठवू नये.

ऑपरेटरकडे वर्ड होतं, तेवढं पुरेसं होतं. २००७ नंतरच्या वर्डमध्ये ऑल्ट धरून '=' ची कळ दाबली की समीकरणाची चौकट उघडते. तिथे बॅकस्लॅश, 'एसक्यूआरटी' (sqrt) ही चार अक्षरं, कंसात ९ + १६ आणि मग स्पेसबार. कंस नाहीसे होतात आणि रेघ दोन्ही आकड्यांवर पसरते. त्याने १६ चे १६०० केले, रेघ लांबली. पुन्हा १६ करून पुढे '= ५' टाइप केलं तर तेही वर्गमुळाखाली गेलं. कर्सर अजून आतल्या डब्यातच होता. उजवा बाण एकदा दाबून बाहेर यायचं, मग पुढचं. बहुतेकांचा वैताग याच एका बाणापाशी असतो.

जुन्या वर्डमधलं इक्वेशन एडिटर मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१८ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून काढून टाकलं. त्यात केलेली समीकरणं दिसतात, पण आहेत तशी आता वर्डमध्ये बदलता येत नाहीत. समीकरणाचा फोटो चिकटवणं त्याहून वाईट, कारण दृष्टिहीन मुलाला स्क्रीन रीडर त्यातलं काहीच वाचून दाखवू शकत नाही. वेबवर समीकरणं लिहिण्यासाठी १९९८ मध्ये मॅथएमएल ही पद्धत ठरली. तिच्यात डब्यांची रचना टिकते, म्हणून 'वर्गमूळ सुरू, नऊ अधिक सोळा, वर्गमूळ समाप्त' असं ऐकू येऊ शकतं. क्रोमने ती नीट स्वीकारायला मात्र २०२३ उजाडलं.

भाचीचा पेपर दुरुस्त होऊन पुन्हा छापला गेला. दुकानातल्या जुन्या फायलींमध्ये अजून प्रत्येक वर्गमुळावर हाताने ओढलेली रेघ आहे आणि ती एकेक करून बदलावी लागणार. ऑपरेटरने दहावीच्या सराव पेपरांपासून सुरुवात केली आहे.