पीडीएफला वर्तुळ काढता येत नाही

‘पीडीएफ टाका, एका क्लिकमध्ये कॅड फाइल घ्या’ अशा जाहिराती हल्ली फोनवर सारख्या येतात. कॅड म्हणजे संगणकावर मापानिशी ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर, आणि डीएक्सएफ हा त्याच्या फाइलचा एक प्रकार. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या मशीन शॉपवाल्यांना गिऱ्हाइकाकडूनही तेच ऐकावं लागतं: “काय ओ, ड्रॉइंग तर पाठवलंय, डीएक्सएफ करायला कितीसा वेळ?” इथल्या फाउंड्री आणि हायड्रॉलिक्सच्या धंद्यात ड्रॉइंग बरेचदा पीडीएफ म्हणूनच येतं. म्हणून त्या फाइलच्या पोटात काय असतं ते बघू.

स्कॅन केलेला पीडीएफ म्हणजे नुसता फोटो. झूम केल्यावर रेघेच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसल्या की समजावं, इथं रेघ नाही, ठिपके आहेत. त्यातून रेषा हुडकता येतात, पण घडीची खूण आणि चहाचा डागही रेषा बनून येतो. कॅडमधून थेट काढलेल्या पीडीएफात मात्र खऱ्या रेषा असतात, आणि खरी गंमत तिथंच आहे.

अडोबीनं १९९३ साली पीडीएफ आणला तो पान सगळीकडे सारखं दिसावं आणि छापलं जावं म्हणून. त्याला येणाऱ्या आज्ञा मोजक्या: पेन इथं ठेव, सरळ रेघ ओढ, वक्र ओढ, आयत काढ. वर्तुळाची आज्ञाच नाही! मग ५० मिलिमीटरचं भोक चार बेझिये वक्र जोडून काढतात. प्रत्येक वक्राला दोन टोकं आणि त्याला आपल्याकडे ओढणारे दोन बिंदू असतात. हे बिंदू टोकापासून त्रिज्येच्या ०.५५२३ पट अंतरावर ठेवले की पाव वर्तुळ जवळजवळ तंतोतंत जमतं.

जवळजवळच. बेझिये वक्राचे क्ष आणि य हे दोन्ही निर्देशक बहुपदी असतात. वर्तुळासाठी क्षचा वर्ग अधिक यचा वर्ग ही बेरीज स्थिर राहायला हवी. पण वर्ग केल्यावर सर्वांत वरच्या घाताचे सहगुणक वर्ग होऊनच मिळवले जातात, आणि शून्य नसलेल्या वास्तव संख्यांच्या वर्गांची बेरीज कधी शून्य होत नाही. तो घात उरतोच, बेरीज हलतेच. म्हणून कुठल्याही घाताचा असला तरी असा वक्र अचूक वर्तुळ होऊ शकत नाही.

चार तुकड्यांच्या वर्तुळात वक्र काही ठिकाणी त्रिज्येच्या सुमारे ०.०२७ टक्के बाहेर फुगतो. २५ मिलिमीटर त्रिज्येला हे ७ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग), म्हणजे व्यासावर १४. एच७ फिटमध्ये, म्हणजे भोकाच्या मापाच्या एका ठरलेल्या प्रमाणात, ५० च्या भोकाला एकूण सूट २५ मायक्रॉनची! बोरिंग बारनं भोक केलं तर फरक पडत नाही, कारण तिथं माप हत्याराच्या सेटिंगवरून येतं, वक्रावरून नाही. याच वक्रावरून व्हीएमसीवर (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) कंटूर मारला, म्हणजे कडेकडेनं कटर फिरवला, तर निम्म्याहून जास्त सूट इथंच संपली.

चांगलं सॉफ्टवेअर चार तुकडे बघून ‘हे वर्तुळ असावं’ असं ओळखतं. पण त्याच भोकाला कीवे (चावी बसवायची खाच) असला की आकार तुटतो, अंदाज चुकतो आणि जी०२ या गोल फिरण्याच्या एका आज्ञेऐवजी शेकडो बारीक सरळ हालचालींचा प्रोग्रॅम तयार होतो. एआय लावलं म्हणून हे टळत नाही. फाइलमध्ये नसलेली माहिती कुणालाही बाहेर काढता येत नाही, अंदाज तेवढा बांधता येतो.

मापांचंही तसंच. पीडीएफला फक्त कागद कळतो, आणि त्याचं एकक इंचाचा ७२ वा भाग. घराचा १:१०० प्लॅन इंचाला ६०० ठिपक्यांच्या जाळीवर बसवून काढला असेल, तर जाळीचं एक घर प्रत्यक्षात सुमारे ४.२ मिलिमीटरचं होतं. डायमेन्शनचे (मापाच्या खुणेचे) बाण, रेघ आणि आकडा सुटे होऊन येतात. जुन्या नुडी फॉन्टमधली कन्नड अक्षरं तर रोमन चिन्हांचा गुंता होऊन बाहेर पडतात.

म्हणून गिऱ्हाइकाकडे आधी मूळ डीएक्सएफ किंवा स्टेप (त्रिमितीय मॉडेलची) फाइल मागावी. नाहीच मिळाली, तर लिहिलेल्या मापांतल्या सर्वांत मोठ्या मापावरून स्केल बसवावं आणि आडव्या-उभ्या दोन्ही दिशांना आणखी एकेक माप ताडून बघावं. भोकं आणि कंस मात्र लिहिलेल्या आकड्यावरून नव्यानं काढावेत; आयात झालेला वक्र फक्त केंद्र कुठं आहे ते बघण्यापुरता ठेवावा.