विद्यापीठांचं शैक्षणिक स्वातंत्र्य आणि सरकारी देखरेख (महाराष्ट्र)

वर्गात काय शिकवायचं, संशोधन कशावर करायचं आणि विद्यापीठात काही चुकत असेल तर ते उघड बोलायचं, हे प्राध्यापकाला कुणाला न घाबरता करता येणं म्हणजे शैक्षणिक स्वातंत्र्य. आता सरकारी विद्यापीठात पगार राज्याच्या तिजोरीतून होतात, म्हणजे सरकार हिशोब मागणारच आणि मागायलाच हवा, खरं भांडण आहे ते सरकारने कुठपर्यंत आत यायचं याचं.

महाराष्ट्रात सध्या २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा लागू आहे, त्याआधी १९९४ चा होता. राज्यपाल हे कुलपती, सर्च कमिटी नावं देते त्यातून ते कुलगुरू नेमतात. डिसेंबर २०२१ मध्ये राज्यपालांकडे दोन नावं सरकारने पाठवायची आणि उच्च शिक्षण मंत्री प्र-कुलपती (कुलपतींच्या खालोखालचं पद) होणार अशी दुरुस्ती विधिमंडळात पास झाली, मग सरकार बदललं आणि ती मागे घेतली गेली.

अभ्यासक्रम ठरवणं हे अभ्यास मंडळाचं आणि विद्या परिषदेचं काम. पण २०१० मध्ये रोहिंटन मिस्त्रींची कादंबरी मुंबई विद्यापीठाच्या बीएच्या अभ्यासक्रमातून काढली ती शिवसेनेच्या विद्यार्थी संघटनेच्या आंदोलनानंतर, कुलगुरूंनी तातडीचे अधिकार वापरून. एका पुस्तकात एवढं तातडीचं काय होतं? २०१४ मध्ये तिथलेच अर्थशास्त्राचे प्राध्यापक नीरज हातेकर यांनी पत्रकार परिषद घेऊन कारभारावर टीका केली तर थेट निलंबन, विद्यार्थी पाठीशी उभे राहिले तेव्हा कुठे ते मागे घेतलं.

देखरेख नकोच असं मात्र नाही. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठात ऑनलाइन पेपर तपासणीचा घोळ झाला, निकाल महिनोन्महिने रखडले, मुलांचे पुढचे प्रवेश अडकले, तेव्हा राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून काढलं ते बरोबरच होतं. उलट सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या सिनेटची, म्हणजे अधिसभेची, पदवीधरांच्या जागांसाठीची निवडणूक दोन दिवसांवर आली असताना सरकारच्या पत्रावरून थांबवली गेली, मग हायकोर्टात जावं लागलं आणि २४ तारखेला मतदान झालं.

एक गोष्ट कायद्यात दिसत नाही पण कॉलेजात रोज दिसते, ती म्हणजे भरती. पदं भरायला सरकारची मंजुरी लागते, ती अडली की सीएचबीवर माणसं घेतात, म्हणजे तासाप्रमाणे मानधन आणि ऑर्डर दरवर्षी नवी. असा शिक्षक स्टाफरूममध्येसुद्धा आवाज खाली करूनच बोलतो.