वाढती लोकसंख्या आणि स्वयंसेवेचे प्रमाण: दोन शेजारी राज्यांचा धडा

शहर झपाट्याने वाढू लागले की तेथे दुसऱ्यासाठी वेळ देणारी माणसे कमी होतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो तपासून पाहायचा, तर अमेरिकेतील युटा आणि नेवाडा या लगतच्या राज्यांकडे पाहावे. दोन्ही राज्यांचा बराच भाग वाळवंटी आहे. 2000 ते 2010 या दशकात नेवाडाची लोकसंख्या सुमारे 35 टक्क्यांनी वाढली आणि ते देशात सर्वांत वेगाने वाढणारे राज्य ठरले. पुढच्या दशकात तोच मान सुमारे 18 टक्के वाढीसह युटाला मिळाला. असे असूनही स्वयंसेवेच्या राष्ट्रीय पाहण्यांमध्ये युटा वर्षानुवर्षे अग्रस्थानी राहिले आहे, तर नेवाडाचे नाव तळाच्या राज्यांत येत आले आहे.

येथे आधी गणिताचा एक भाग लक्षात घ्यायला हवा. समजा, एक लाख वस्तीच्या गावात तीस हजार स्वयंसेवक आहेत. वस्ती दीड लाखावर गेली आणि स्वयंसेवक छत्तीस हजार झाले, तर सहा हजार माणसे वाढूनही प्रमाण 30 टक्क्यांवरून 24 टक्क्यांवर येते. त्यामुळे टक्केवारी घसरली म्हणजे जुन्या रहिवाशांनी अंग काढून घेतले, असा निष्कर्ष घाईचा ठरतो.

खरा फरक वाढ कोठून होते यात आहे. युटातील 2010 नंतरच्या दशकातील वाढीचा मोठा हिस्सा तेथेच जन्मलेल्या मुलांचा होता, तर नेवाडाची वाढ प्रामुख्याने बाहेरून आलेल्यांमुळे झाली. नवख्या माणसाला कोणती संस्था काय करते हे ठाऊक नसते आणि संस्थेलाही तो ठाऊक नसतो. ही अडचण किरकोळ नव्हे, कारण अमेरिकेतील पाहण्यांनुसार बऱ्याच स्वयंसेवकांची सुरुवात कोणीतरी 'येता का?' असे विचारल्यामुळेच झालेली असते. त्यात नेवाडातील लास व्हेगास शहरातले कॅसिनो आणि हॉटेले चोवीस तास चालतात. रात्रपाळी करून सकाळी झोपणाऱ्याला शनिवारी दहा वाजताच्या कामाला बोलावण्यात अर्थ नसतो.

युटामध्ये मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे प्राबल्य आहे आणि त्यांच्या स्थानिक मंडळीची, म्हणजे 'वॉर्ड'ची, हद्द पत्त्यावरून ठरते. कुटुंबाने घर बदलले की सभासदत्वाची नोंद नव्या वॉर्डाकडे जाते. सामानाचा ट्रक उतरवायला तेथील माणसे हजर होतात आणि थोड्याच दिवसांत त्या कुटुंबावर मुलांचे वर्ग घेण्यासारखी एखादी बिनपगारी जबाबदारीही सोपवली जाते. स्थानिक धर्मप्रमुखही विनावेतनच काम करतो. ओळख होण्यात इतरत्र जी वर्षे जातात, ती येथे वाचतात. अर्थात हा लाभ मुख्यतः पंथीयांनाच मिळतो, हे युटाचे कौतुक करताना सहसा सांगितले जात नाही.

शिवाय या क्रमवारीत संस्थेमार्फत केलेले विनामोबदला कामच धरले जाते. वॉर्डातील वर्ग त्यात मोजला जातो. पण रात्रपाळीला गेलेल्या सहकाऱ्याची मुले स्वतःच्या घरी झोपवणारी लास व्हेगासमधील शेजारीण त्या आकड्यात येत नाही.