उसनवारीवर पोसलेले रोगजंतू

नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या एखाद्या लॅबमधून लघवीचा कल्चर रिपोर्ट आणला, की त्यात औषधांची यादी असते आणि प्रत्येकापुढे ‘एस’ किंवा ‘आर’. ‘आर’ म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही. हे ‘आर’ पुष्कळदा चार-पाच एकदमच येतात. इतक्या औषधांवरचा तोडगा एका जंतूला एकाच वेळी सापडला कसा?

सापडला नाही, आयता मिळाला. जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राशिवाय त्याच्यात डीएनएची छोटी, बहुधा गोल वेटोळी असतात; तीच प्लास्मिड्स. एका जिवाणूतून केसासारखा तंतू निघतो, शेजाऱ्याला जवळ ओढतो आणि प्लास्मिडचा एक धागा पलीकडे सरकतो. दोन्हीकडे धाग्याची जोडी पुरी होते, म्हणजे देणाऱ्याचं काहीच जात नाही. शेजारी आपल्याच जातीचा असावा, अशीही अट नाही. जपानमध्ये १९५० च्या दशकात रक्ती आवेचे जंतू एकदम चार औषधांना पुरून उरू लागले. १९५९ मध्ये उलगडा झाला: तो गुण आतड्यातल्या ई. कोलायकडून त्यांच्यात येऊ शकत होता.

आतड्याइतकंच सोयीचं ठिकाण म्हणजे सांडपाणी, आणि आपली नाग नदी शहरातून वाहते ती बरंचसं तेच घेऊन. एनडीएम-१ हे जबर अँटिबायोटिक्सनाही निकामी करणारं जनुक (त्याच्या नावातल्या ‘न्यू दिल्ली’वरून केवढा गहजब झाला होता!) वाहणारी प्लास्मिड्स ३० अंशांना ३७ पेक्षाही (म्हणजे आपल्या शरीरातल्या तापमानापेक्षाही) जोमाने पसरताना दिसली आहेत. नागपुरी उन्हाळ्याला ३० म्हणजे काहीच नाही.

औषधं नव्हती तेव्हाही हे चालूच होतं. प्लेगच्या जंतूचा पूर्वज पोटाचे विकार करणारा होता. त्याला दोन प्लास्मिड्स मिळाली. त्यांतल्या एकावरच्या जनुकामुळे तो पिसवेच्या पोटात तग धरू लागला.

प्लास्मिड बाळगणं जिवाणूला जड जातं, मग तो ते टाकून का देत नाही? कारण काही प्लास्मिड्स पक्की डांबरट असतात. ती विषही बनवतात आणि त्यावरचा उताराही. विष टिकाऊ, उतारा मात्र लवकर विरणारा. प्लास्मिड न मिळालेल्या पिल्लाच्या वाट्याला नुसतं विष उरतं. ते मरतं, निदान त्याची वाढ तरी खुंटते. शिवाय एकाच प्लास्मिडवर पाच औषधांना पुरून उरणारी जनुकं असली, तर त्यांतलं कुठलंही एक औषध वापरात असेपर्यंत बाकीची चारही फुकटात टिकून राहतात.