शंभर वॅटच्या स्पीकरला दीडशेचा अ‍ॅम्प्लिफायर? जळत नाही, भाऊ

नागपूरच्या बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) स्पीकर बघायला गेलात की हे हमखास ऐकू येतं: "स्पीकर शंभर वॅटचा आहे ना भाऊ, मग अ‍ॅम्प्लिफायर साठचाच घ्या, नाहीतर जळेल." सल्ला मनापासूनचा असतो, पण उलटा आहे.

अ‍ॅम्प्लिफायरवरचे वॅट म्हणजे त्याची क्षमता. तेवढी वीज तो सतत ढकलत नाही. किती जाईल ते आवाजाचं बटण आणि गाणं ठरवतं. ८७ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर एका वॅटवर, एक मीटर अंतरावर ८७ डेसिबल आवाज देतो. धरमपेठेतल्या फ्लॅटच्या हॉलला तेवढं पुष्कळ झालं. पण तबल्याची थाप त्यावर २० डेसिबलने उसळली, तर त्या क्षणापुरती शंभरपट ताकद लागते. साठवाला तिथेच धापा टाकतो. ध्वनिलहरींचे माथे सपाट कापले जातात (क्लिपिंग ते हेच) आणि जास्तीची ऊर्जा नाजूक ट्वीटरवर (उंच स्वर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरवर) येते. तो जळतो असा. मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरवर बेताल वाजवलं तर वूफरही (खर्ज वाजवणारा मोठा स्पीकर) जाईल म्हणा. बटण शेवटी आपल्याच हातात.

त्यापेक्षा ओहम बघा, म्हणजे स्पीकर करंटला किती अडवतो ते. ८ ओहम लिहिलेला स्पीकरही काही स्वरांवर ४ पर्यंत उतरतो, मग दुप्पट करंट लागतो. ८ ओहमला १०० आणि ४ ओहमला जवळपास २०० वॅट देणारा अ‍ॅम्प्लिफायर भरवशाचा.

क्लास ए प्रकारचा (गाणं नसतानाही भरपूर करंट ओढत राहणारा) अ‍ॅम्प्लिफायर घेणार असाल तर तो नुसता चालू ठेवला तरी तापतो. मे महिन्यात, पारा ४५ ला टेकलेला असताना, त्याला बंद शोकेसमध्ये कोंडू नका. कूलरच्या दमट झोतातही नको.