ठेंगणी हायड्रेंजिया: फवारणीची आणि जातीची

हायड्रेंजियाचं झुडूप दोन-अडीच फुटांवर थांबावं, ही अपेक्षा बागेतून आलेली नाही. जपानच्या किनाऱ्यावरचं हे मूळचं रोप सहज माणसाएवढं वाढतं. १७८९ मध्ये ते चीनमार्गे इंग्लंडात पोहोचलं, तेव्हा त्याच्या उंचीबद्दल कुणाची तक्रार नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये आणि पाठोपाठ जर्मनी-स्वित्झर्लंडमध्ये संकर सुरू झाले ते मुख्यतः कुंडीच्या बाजारासाठी. ईस्टरला आणि मदर्स डेला भेट देण्याजोगं रोप हवं होतं: वर गोल भरगच्च गेंद, खाली आटोपशीर झाड. गेंद संकरातून मिळाला, आटोपशीरपणा पुरेसा मिळाला नाही.

तो मिळवून दिला रसायनाने. डॅमिनोझाइड या वाढ रोखणाऱ्या औषधाला अमेरिकेत १९६३ मध्ये शोभेच्या फुलझाडांसाठी आणि १९६८ मध्ये सफरचंदासाठी परवानगी मिळाली. पानांवर फवारलं की जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक तयार होण्यात अडथळा येतो, पेरं आखूड राहतात आणि पानं गडद दिसतात. पुढे सफरचंदाच्या रसातल्या अवशेषांवरून १९८९ मध्ये तिथे मोठा गदारोळ झाला आणि उत्पादक कंपनीने खाद्यपिकांसाठीची विक्री थांबवली. फुलझाडांवरचा वापर मात्र चालू राहिला.

फुलझाडांवर ते चालू ठेवण्याच्या या निर्णयावर बागकाम करणाऱ्यांचं आजही एकमत नाही. विषारीपणाच्या कसोटीवर तो समजण्यासारखा आहे, कारण हायड्रेंजिया कुणी खात नाही. उत्पादकांची बाजू अशी की कुंडीतलं रोप काही आठवडे घरात शोभेला ठेवण्यासाठीच असतं आणि बुटकं नसेल तर वाहतुकीत मोडतं. पण फुलं सरल्यावर कुंडी फेकून न देता रोप जमिनीत लावणारे पुष्कळ असतात, आणि चिठ्ठीवर फवारणीचा उल्लेख सहसा नसतो. औषधाचा असर ओसरला की तेच रोप चार-पाच फुटांवर जातं. खिडकी झाकली जाते, मालक शरदात कात्री चालवतो. गेंदेदार जातींच्या पुढच्या वर्षीच्या कळ्या तोवर फांदीच्या टोकाशी धरलेल्या असतात, त्या छाटणीत जातात. मग ‘याला फुलंच येत नाहीत’ ही तक्रार. खापर मालकाच्या छाटणीवर फुटतं. माझ्या मते त्यातला निम्मा वाटा विकणाऱ्याचा आहे.

बाजाराने यावर दोन वेगळी उत्तरं काढली. पहिलं २००४ मध्ये अमेरिकेत आलं: मिनेसोटाच्या कडाक्यातही फुलताना आढळलेली, जुन्या आणि नव्या अशा दोन्ही फांद्यांवर कळ्या धरणारी जात. ती ठेंगणी नव्हतीच, पण छाटणीची आणि उशिराच्या हिमाची भीती तिने कमी केली. न्यू जर्सीसारख्या ठिकाणी एप्रिलमधली एक गोठलेली रात्र वर्षभराच्या कळ्या मारू शकते, तिथे हे मोलाचं ठरलं. दुसरं उत्तर जातीतच बुटकेपणा आणण्याचं. जर्मनीतून शहरांची नावं दिलेली मालिका आली, एक ते तीन फुटांची. ओकसारख्या पानांच्या ‘मंचकिन’ आणि ‘रूबी स्लिपर्स’ या जाती २०१० मध्ये अमेरिकेतल्या सरकारी संशोधन केंद्रातून बाहेर पडल्या. बेल्जियमची ‘बोबो’ तर शंकूसारखा तुरा धरणाऱ्या गटातली, नव्या फांदीवर फुलणारी. हिवाळा सरताना बिनधास्त छाटा, उन्हाळ्यात ती फुलतेच. जागा कमी आणि हात कात्रीकडे वळणारा असेल, तर याच गटातली ठेंगणी जात घ्यावी.

मुंबईच्या बाल्कनीचं गणित निराळं. गेंदेदार जातींना कळी धरायला साधारण सहा आठवडे १८ अंशांखालचा गारवा लागतो. तो नसेल तर विकत आणलेली फुललेली कुंडी बहुधा एकदाच फुलते, मग तिची उंची फवारणीची असो की जातीची.